बादली, घड्याळ आणि ठरावाची नक्कल: वस्तीसकट सगळं गाव एक करायची रीत

गावात भेदभाव आहे का, हे विचारायला पारावर जाऊ नका. पारावरचा प्रत्येकजण 'आमच्यात तसलं काही नाही' असंच सांगेल. त्यातले बरेचजण खोटंही बोलत नसतात. त्यांच्या घरातली बाई शेवटच्या नळावर कधी उभी राहिलेली नसते, एवढंच. त्यापेक्षा पाणी सुटायच्या वेळेला १५ लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ घेऊन दोघांनी निघावं. एकानं टाकीजवळच्या पहिल्या नळावर थांबायचं, दुसऱ्यानं खालच्या वस्तीतल्या शेवटच्या नळावर. बादली भरायला किती मिनिटं लागली आणि पाणी एकूण किती वेळ टिकलं, हे दोनच आकडे लिहायचे. सलग सात दिवस लिहायचे, कारण एकाच दिवसाचा आकडा दाखवला की 'त्या दिवशी लाईट गेलती' हे उत्तर ठरलेलं असतं.

आता हिशोब. वरच्या आळीत दीड मिनिटात बादली भरली, म्हणजे मिनिटाला १० लिटर. पाणी ४५ मिनिटं चाललं तर घरात ४५० लिटर आलं. खालच्या नळावर तीच बादली पाच मिनिटांनी भरली, म्हणजे मिनिटाला ३ लिटर, आणि तेवढ्याच वेळात १३५ लिटर. पाच माणसांचं घर धरलं तर माणशी २७ लिटर. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं आहे. वरच्या घराला गरजेपेक्षा जास्त आणि खालच्या घराला निम्मं, आणि पाणीपट्टी दोघांना सारखीच. हा कागद समोर ठेवल्यावर 'आमच्यात तसलं काही नाही' म्हणणारा माणूसही गप्प बसून आकडे बघायला लागतो. जातीचा शब्द न उच्चारता सुरुवात होते, आणि सुरुवात अशीच झालेली बरी.

कमी पाण्याची कारणं बहुतेक वेळा तीन असतात. पहिलं, वस्तीकडे जाणारी लाईन नंतर जोडलेली आणि बारीक असते. गावात ९० मिलिमीटरचा पाइप आणि वस्तीच्या वळणावर तो ६३ चा होतो. दुसरं, वाटेत लोकांनी नळाला थेट मोटर लावलेली असते, ती खालच्यांचं पाणी ओढून घेते. तिसरं, व्हॉल्व कुठला आधी फिरवायचा हे पाणी सोडणाऱ्याला कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगून ठेवलेलं असतं, ते तसंच चालू आहे. पाइप बदलायला पैसे लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या कारणाला फारसे लागत नाहीत, म्हणून तिथून हात घाला. वस्तीसाठी स्वतंत्र व्हॉल्व बसवून आठवड्यातले तीन दिवस पाणी आधी खाली सोडलं, तर पंधरवड्यात आकडे बदलतात. पाणी सोडणाऱ्या माणसाला मात्र आधी विश्वासात घ्या. शिव्या त्याला बसतात, आणि गावातल्या प्रत्येक जोडणीची खरी माहितीही त्यालाच असते.

पाण्यानंतर गटार. जुनी वस्ती बहुधा उताराच्या टोकाला असते, त्यामुळे गावाचं सांडपाणी तिच्या दारात येऊन थांबतं. पावसात एकदा छत्री घेऊन पाण्याच्या मागे चालत जा आणि ते कुठे मुरतं, कुठे तुंबतं ते नकाशावर काढा. इथे एक चूक वारंवार होते: तुंबलेल्या जागी एक मीटर लांब, रुंद आणि खोल असा शोषखड्डा खणून त्यात दगड भरतात. मुरुमाच्या जागी तो चालतो. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत चालत नाही, कारण ती माती भिजली की फुगते आणि पाणी आत घेत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात खड्डा डबकं होतो. काळ्या रानात मुरुम लागेपर्यंत खाली जावं लागतं, नाहीतर बंदिस्त गटार करून पाणी गावाबाहेर काढावं लागतं. खड्ड्याच्या आधी गाळ अडवायला छोटी टाकी हवीच.

माणसं कशी जमवायची

गट ११ जणांचा पुरे. निम्म्या बायका, वस्तीतले किमान चार, मुस्लिम घरातलं एक, गोपाळ, वैदू, कैकाडी, पारधी अशी पालं किंवा घरं असतील तर तिथलं एक, शिवाय आशाताई किंवा अंगणवाडीताई. या दोघींना प्रत्येक घराचा उंबरा माहीत असतो. तरुण मंडळाच्या अध्यक्षाला घ्या, पण गटाला अध्यक्ष नेमू नका. खुर्ची तयार झाली की पहिले दोन महिने ती कुणाची यातच जातात. सरपंच गटात नसावा. गटानं त्याच्याकडे जावं. आरक्षणातून आलेल्या सरपंचबाई असतील आणि कारभार दुसराच कुणी बघत असेल, तर त्यांना एकट्यांना भेटायला गटातल्या बायकांनी जावं.

पहिल्या बैठकीला वस्तीतल्या लोकांना बोलवायचं आणि आराखडा आधीच ठरवून ठेवायचा, हा प्रकार करू नका. लोक येतात, मान डोलावतात, चहा पिऊन जातात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. विषयांची यादी त्यांच्याच घरासमोर बसून व्हायला हवी. बैठकीची जागा आळीपाळीनं: एकदा समाजमंदिर, एकदा शाळा, एकदा मोहल्ल्यात. देवळाच्या सभामंडपात सगळे मोकळे बसतील असं गृहीत धरू नका. वेळ आठवडी बाजाराच्या दिवसाची बघा, त्या दिवशी बऱ्याच गावांत मजुरीला सुट्टी असते. रात्री नऊची वेळ ठेवली की बायका गळतात.

एक गोष्ट बारीक वाटते, पण तिथेच सगळं दिसतं. वस्तीतल्या सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला गावातली विशीची पोरं 'ए सखा' म्हणून हाक मारतात, आणि तोच म्हातारा त्या पोरांना 'दादा', 'मालक' म्हणतो. गटात पहिला नियम हा ठेवा: वयानं मोठ्याला अण्णा, तात्या, मावशी, काकू, आणि सगळ्यांना 'तुम्ही'. याचं भाषण करायचं नाही. गटातल्या दोघा-चौघांनी बोलून दाखवायचं, बाकीच्यांच्या जिभा आपोआप वळतात. महिना-दोन महिने लागतात. दुसरं, चहा कोण करतं आणि कप कोण विसळतं ते बघा. दर वेळी त्याच दोन बायका उठत असतील तर पाळी लावा, पुरुषांसकट.

सहभोजन सुरुवातीला ठेवायचा मोह होतो. फोटो छान येतात. पण एका दिवसाच्या पंगतीनं दुसऱ्या दिवशीचं काही हलत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र जेवली. पण ती आधी एकत्र राहत होती, राबत होती आणि स्वयंपाकही एकत्र करत होती. काम एकत्र झालं की जेवण मागून येतं. गटार साफ करायचं श्रमदान असेल तर मात्र एक बघा: फावडं कुणाच्या हातात आणि घमेलं कुणाच्या डोक्यावर. मैला आणि मेलेली जनावरं उचलायला जुनीच माणसं पुढे केली, तर ते श्रमदान नव्हे.

ग्रामसभेत कागद करून घ्या

तोंडी कबुली पुढच्या निवडणुकीपर्यंतही टिकत नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. तेवढे लोक जमले नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. पण तिथे नवा विषयही घेता येत नाही. इथेच लोक फसतात. तुमचा विषय मूळ नोटिशीत नसेल, तर तहकूब सभेत कितीही ओरडून उपयोग नाही. म्हणून नोटीस निघायच्या आधी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. ग्रामसभेआधीची महिला सभा कागदावर उरकू देऊ नका. पाण्याचा आणि शौचालयाचा विषय तिथून एकमतानं आला की पुढे त्याला विरोध करायला तोंड राहत नाही.

ठराव मोघम लिहिला तर तो मेला म्हणून समजा. 'वस्तीला पाणीपुरवठा सुधारावा' या वाक्यातून एक थेंबही येत नाही. असा लिहा:

'___ नगरातील शेवटच्या नळास दररोज माणशी ५५ लिटर पाणी मिळावे म्हणून, (अ) स्वतंत्र व्हॉल्व ___ तारखेपर्यंत बसवावा. (आ) सोमवार ते बुधवार पाणी प्रथम या नगरास सोडावे. (इ) नळास थेट जोडलेल्या मोटारी १५ दिवसांत काढाव्यात, त्यानंतर जोडणी बंद करावी. (ई) पहिल्या व शेवटच्या नळाची नोंद दरमहा फलकावर लावावी. जबाबदारी: ग्रामपंचायत अधिकारी. सूचक ___, अनुमोदक ___.'

सूचक वस्तीतला आणि अनुमोदक गावातला, किंवा उलट, अशी जोडी लावा. सभा संपल्यावर इतिवृत्तात काय लिहिलं ते तिथेच वाचून घ्या आणि आठवड्यात ठरावाची नक्कल मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क नाही.

पैसा कुठून, हा पुढचा प्रश्न. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मागच्या तीन वर्षांचा खर्च मागवा. १५ टक्क्यांतून मुख्य रस्त्यावरचे दिवे लागलेले सापडतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना समाजकल्याणकडून येते आणि वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे रक्कम ठरते, म्हणून लोकसंख्येची नोंद बरोबर आहे का ते आधी तपासा. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित असतो. मात्र गाव विकास आराखड्यात काम नसेल तर यातला रुपयाही मिळत नाही. आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, तेव्हा मोजमाप पावसाळ्यातच संपवा.

नाव, स्मशान, कमान

महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा, ब्राह्मणवाडा अशी जातीवरची नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतला. समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावं सुचवली गेली. बऱ्याच ठिकाणी फलक बदलला आणि काम संपलं. जुनं नाव खरं राहतं ते नमुना ८ च्या (घरपट्टीच्या) उताऱ्यात, मतदार यादीत, वीजबिलात, एसटीच्या थांब्यावर आणि शाळेच्या दाखल्याच्या पत्त्यात. ठरावाची नक्कल जोडून या प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करा. आणि नाव कुठलं ठेवायचं ते तिथे राहणाऱ्यांनीच ठरवायचं. अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, सावित्रीबाई खंडाळ्याच्या नायगावच्या, फुल्यांचं मूळ गाव खटावमधलं कटगुण. सुचवायला नावं कमी नाहीत, पण बाहेरच्यानं आग्रह धरू नये.

स्मशानाचा विषय सगळ्यात जड. एकाच गावात तीन-तीन जागा असतात: एकाला शेड, पाणी, काँक्रीटचा रस्ता, आणि दुसरी ओढ्याच्या काठावर, जिथे पावसाळ्यात पत्रा धरून चिता पेटवावी लागते. 'एकच स्मशान' हा ठराव पहिल्याच वर्षी आणला तर तो पडतो आणि पुन्हा दहा वर्षं कुणी विषय काढत नाही. आधी सगळ्या जागांना सारखी सोय करा: शेड, पाणी, दिवा, बारमाही रस्ता. यासाठी 'जनसुविधा' योजनेचं अनुदान मिळू शकतं. जागेचा सातबारा आणि पोचरस्ता कुणाच्या रानातून जातो ते तपासा. रानमालकाची संमती लेखी घ्या, नाहीतर पोराच्या वाटणीनंतर रस्ता बंद होतो. मुख्य स्मशानभूमी सगळ्यांना खुली असल्याचा फलक आणि ठराव दुसऱ्या टप्प्यात. लिंगायत, मुस्लिम आणि काही भटक्या जमाती दफन करतात, हे विसरून फक्त दहनाची शेड बांधली जाते. पालातल्या लोकांना तर माणूस गेल्यावर जागा मागत फिरावं लागतं. त्यांच्यासाठी गायरानातली जागा ठरावानं मागायला हवी.

कमानीबद्दल सांगली जिल्ह्यात तरी वेगळं सांगायला नको. २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या चित्रावरून मिरज पेटली. २०२३ मध्ये मिरज तालुक्यातल्या बेडगची आंबेडकरांच्या नावाची कमान पाडली गेली आणि दलित कुटुंबं घरं सोडून मुंबईकडे पायी निघाली. कायमची कमान असेल तर रस्ता कुणाच्या मालकीचा आहे ते बघून त्या खात्याचा ना-हरकत दाखला आणि ग्रामपंचायतीचा ठराव पाया खणायच्या आधी घ्या. पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तात्पुरत्या कमानीसाठी सगळ्या मंडळांना एकच नियम: मजकूर व चित्र आधी दाखवायचं, उंची ठरलेली, काढायची तारीख लिहून द्यायची. शिवजयंती, भीमजयंती, गणपती, उरूस, सगळ्यांना तोच कागद. एका मंडळाला सूट दिली की नियम संपला.

जत्रेच्या बैठकीत पालखीचा मार्ग वस्तीतून का जात नाही, हे विचारायचं धाडस हवं. मानकऱ्यांचा मान काढून घ्यायची गरज नाही. मार्गात एक वळण वाढवायचं आहे. वाळव्याच्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो आणि कडेगावचे ताबूत सगळ्या जातीधर्मांची माणसं उचलतात. अशा गोष्टी गावकीच्या वडीलधाऱ्यांनी ठरवल्या म्हणूनच टिकल्या आहेत.

अफवा आणि बहिष्कार

सप्टेंबर २०२३ मध्ये खटावच्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या मजकुरावरून जमाव उठला आणि एकाचा जीव गेला. अशा वेळी हातात तास-दीड तास असतो. गटाकडे आधीपासून दहा-बारा नंबर हवेत: दोन्ही बाजूंची जबाबदार माणसं, पोलीस पाटील, मंडळांचे अध्यक्ष, ठाण्याचा नंबर. मेसेज दिसला की स्क्रीनशॉट पुढे पाठवायचा नाही, 'हे बघा काय चाललंय' म्हणूनसुद्धा नाही. ज्याच्या नावानं मजकूर आहे त्याच्या घरी दोन्ही समाजांची दोन माणसं लगेच जातात आणि त्याला सोबत घेऊन ठाण्यात नेतात. खातं दुसऱ्यानं वापरलेलं असू शकतं. ते शोधणं पोलिसांचं काम, चौकातल्या पोरांचं नव्हे. बाकीच्यांनी आपापल्या मंडळाची पोरं धरून ठेवायची.

बहिष्कार बहुधा जाहीर होत नाही. किराणा दुकानदार 'माल संपला' म्हणतो, गिरणी बंद असते, न्हावी 'आता गिऱ्हाईक आहे' म्हणतो, रानात कामाला बोलावणं येत नाही. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेल्या बाल आंबेडकरांना आणि सोबतच्या मुलांना गाडीवान न्यायला तयार नव्हता. दुप्पट भाडं आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर तो तयार झाला, आणि वाटेत रात्रभर पाणी मिळालं नाही. नकाराची रीत अजून तशीच आहे, फक्त तोंडावर सांगत नाहीत. म्हणून तारीख, वेळ, दुकान, काय बोलणं झालं आणि बरोबर कोण होतं, याची वही ठेवा.

कायदे दोन, आणि त्यांची गल्लत होते. जात पंचायतीनं आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकलं तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा लागतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दलित-आदिवासींवर इतरांनी घातलेला सामाजिक-आर्थिक बहिष्कार, पाणवठा, स्मशान किंवा देवळात आडकाठी, हे १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात येतं. तपास उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यानं करायचा असतो. ठाण्यात नोंद घेत नसतील तर १४५६६ या हेल्पलाइनवर तक्रार करा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या दक्षता समितीला लेखी द्या. गटानं एक पथ्य पाळावं: तक्रार करायची की नाही हे ज्याच्यावर बेतलं त्यानं ठरवायचं. 'गावाचं नाव खराब होईल' म्हणून मिटवामिटवीसाठी त्याच्या दारात बसणं, हाही दबावच.

शहरात, सांगली-मिरज, कराड, साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये, प्रश्न आडनाव विचारण्यापासून सुरू होतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, सहकार कायद्याचं कलम २३ तेच सांगतं. नकार लेखी मागा आणि निबंधकाकडे अपील करा. भाड्याच्या घराला मात्र असा सरळ उपाय नाही. तिथे एकच गोष्ट चालते: आडनाव न विचारता घर देणाऱ्या मालकांची यादी प्रभागातल्या गटानं करायची आणि कॉलेजात, दवाखान्यात नव्यानं आलेल्यांपर्यंत पोचवायची.

राहिले ऊसतोडवाले. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ते गावाच्या शिवारात राहतात आणि गावाच्या कुठल्याच नकाशात नसतात. टोळी उतरायच्या आधी, दिवाळीच्या सुमाराला, खोपींच्या जागेजवळ एक नळ, एक दिवा आणि बायकांसाठी आडोशाचं शौचालय एवढं उभं करा. खोपी जिथे पडतात ती जागा शक्यतो रस्त्यापासून आत आणि विहिरीपासून लांब धरा, म्हणजे ट्रॅक्टरची भीती आणि पोरं पडायची भीती दोन्ही कमी होतात. लहान मुलांचा आहार अंगणवाडीत मिळतो, मोठी शाळेत बसवता येतात. त्यांची नावं आशाताईंच्या वहीत पहिल्याच आठवड्यात यायला हवीत. बीडचं रेशनकार्ड इथल्या दुकानातही चालतं, अंगठा लागला की धान्य मिळतं. दुकानदार 'तुमच्या गावाला जा' म्हणाला तर गटातला एकजण सोबत जाऊ दे.

बादलीचं मोजमाप वैशाखात पुन्हा करा. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की पाणी सोडणाऱ्यावर दाब येतो आणि व्हॉल्वचा जुना क्रम गुपचूप परत येतो. पहिल्या नळाचा आणि शेवटच्या नळाचा आकडा दर महिन्याच्या एक तारखेला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहा. लिहिणारं माणूस दर महिन्याला वेगळ्या आळीतलं असू दे.